सत्ता, सेवा आणि नम्रता : मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या जीवनलेखनातील नेतृत्वकल्पना

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• 'सत्ता', 'अधिकार' आणि 'सेवा' या शब्दांच्या अर्थच्छटांतील भेद सांगता येईल.
• ख्रिस्ती विचारातील नम्र नेतृत्वाची कल्पना स्पष्ट करता येईल.
• पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात व लेखनात ही कल्पना कशी उतरली, याचे विवेचन करता येईल.
• नम्रता आणि दुय्यमत्व यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल.

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी स्त्रियांनी जे आत्मपर लेखन केले, त्यात ख्रिस्ती स्त्रियांचा वाटा संख्येने थोडा आणि गुणाने मोठा आहे. या लेखनाचा अभ्यास सामान्यतः धर्मांतराच्या अंगाने किंवा स्त्रीसुधारणेच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत घटकात आपण तिसरे अंग पाहणार आहोत. हाती पद नसलेली, समाजाने मान न दिलेली, अनेकदा निराधार असलेली स्त्री इतरांना मार्ग दाखवू लागते, तेव्हा तिच्या हाती आलेल्या शक्तीला काय म्हणावे? ती शक्ती ती कोणत्या भाषेत व्यक्त करते?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. घर, नोकरी, शेती सांभाळून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना बचत गट, शाळा समिती किंवा ग्रामपंचायत यांच्या निमित्ताने तो रोज भेटत असतो. काम स्त्रीने करायचे आणि निर्णय इतरांनी घ्यायचा, या व्यवस्थेला 'सेवा' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. म्हणूनच 'सेवा' या शब्दाची नीट चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

२. शब्दविचार : सत्ता, अधिकार, सेवा

मराठीत 'सत्ता' आणि 'अधिकार' हे शब्द पुष्कळदा पर्यायी म्हणून वापरले जातात. तथापि त्यांचा संसार वेगळा आहे. सत्ता 'चालवली' जाते, 'गाजवली' जाते, 'बळकावली' जाते. या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली की तिच्यातील बळाचा अंश ध्यानात येतो. 'अधिकार' हा शब्द मात्र दोन दिशांनी चालतो. एकीकडे तो पदामुळे मिळतो. तहसीलदाराचा अधिकार त्याच्या खुर्चीबरोबर येतो व खुर्चीबरोबर जातो. दुसरीकडे तो पात्रतेमुळे येतो. संतपरंपरेत एखाद्याला 'अधिकारी पुरुष' म्हटले जाते, तेव्हा त्याच्यापाशी कोणतेही पद नसते. त्याच्या शब्दाला वजन असते, कारण त्याने तो शब्द जगून दाखवलेला असतो.

'सेवा' हा शब्दही असाच दुहेरी आहे. देवाची सेवा, रुग्णसेवा, देशसेवा या प्रयोगांत सेवा करणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते. परंतु 'सासूची सेवा', 'नवऱ्याची सेवा' या प्रयोगांत सेवा हे कर्तव्य असते व ते न केल्यास दोष लागतो. पहिल्या प्रयोगात सेवा करणारा ती निवडतो, तर दुसऱ्यात ती त्याच्यावर, बहुधा तिच्यावर, लादलेली असते. शब्द एकच, पण निवडीचे स्वातंत्र्य आहे की नाही यावरून त्याचा अर्थ पालटतो. हा भेद पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया आहे.

मराठी ख्रिस्ती धर्मभाषेने आपली परिभाषा घडवताना घरातील व गावातील शब्दच निवडले. उपासकांच्या समुदायाला 'मंडळी', धर्मगुरूला 'पाळक', ज्येष्ठांना 'वडील' असे शब्द रूढ झाले. यातील 'मंडळी' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. जुन्या मराठीत घरची माणसे, आणि संकोचाने बोलताना स्वतःची पत्नी, यांनाही 'मंडळी' म्हणत. धर्मसंस्थेसाठी दरबारी शब्द न घेता घरगुती शब्द घेतल्याने त्या संस्थेकडे घराच्या नजरेने पाहण्याची वाट खुली झाली. मात्र घरातील उतरंडही त्याच वाटेने आत येऊ शकत होती, हे विसरता येत नाही.

३. ख्रिस्ती विचारातील उलटलेली उतरंड

नव्या करारातील शुभवर्तमानांत नेतृत्वासंबंधी एक सूत्र वारंवार येते. येशूचे शिष्य आपल्यात मोठा कोण, यावरून वाद घालतात. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू त्यांना सांगतो, की राज्यकर्ते लोकांवर धनीपण गाजवतात, पण तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावे. आपणही सेवा करून घेण्यासाठी नव्हे, तर सेवा करण्यासाठी आलो आहोत, असे तो पुढे म्हणतो.

येथे 'सेवा करणे' या अर्थी आलेले मूळ ग्रीक क्रियापद 'डायाकोनेओ' हे आहे. पानात वाढणे, जेवणाऱ्यांना हवे-नको पाहणे हा त्याचा एक मूळ, रोजच्या व्यवहारातील अर्थ आहे. मार्कच्या संपूर्ण शुभवर्तमानात हे क्रियापद कोणाकोणासाठी वापरले आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. ते देवदूतांसाठी येते, पेत्राच्या तापातून उठलेल्या सासूसाठी येते, स्वतः येशूसाठी येते आणि वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या, गालीलापासून त्याच्यामागे आलेल्या स्त्रियांसाठी येते. बारा शिष्यांपैकी एकाच्याही बाबतीत 'त्याने सेवा केली' असे मार्क या क्रियापदाने सांगत नाही. ज्यांना उपदेश केला ते वाद घालत राहिले. ज्यांना कोणी उपदेश केला नाही त्या स्त्रियांनी तो आचरला. शब्दयोजनेतून अर्थ कसा उभा राहतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

योहानकृत शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंगही याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे. तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला हे सहन होत नाही, कारण धूळभरल्या वाटांवरून आलेल्यांचे पाय धुणे हे त्या काळी दासदासींचे काम होते. परंतु याच्या एकच अध्याय आधी बेथानी गावच्या मरियेने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते आपल्या केसांनी पुसल्याचे वर्णन आहे. म्हणजे जी कृती गुरूने नेतृत्वाचा धडा म्हणून शिष्यांसमोर ठेवली, तिच्याशी नाते सांगणारी कृती एका सामान्य घरातील स्त्रीने आधीच केली होती.

संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात या विचाराला तात्त्विक रूप मिळते. ख्रिस्ताने आपले उच्चपद धरून न ठेवता स्वतःला रिक्त केले व दासाचे रूप घेतले, अशी ती मांडणी आहे. या आत्मरिक्ततेला धर्मशास्त्रात 'केनोसिस' ही संज्ञा आहे.

मराठी वाचकाला 'दास' होण्याची ही भाषा परकी वाटली नाही. स्वतःला नामयाची दासी म्हणवणाऱ्या जनाबाईची ओळख येथे आधीच होती. दळण-कांडण करणाऱ्या या स्त्रीचे शब्द पुढे शतकानुशतके लोकांनी ओठांवर ठेवले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे उद्‌गार काढले, त्यामागे दास्यभक्तीचा हाच समान धागा आहे.

४. एक आक्षेप : नम्रता कोणाला शिकवायची?

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. आत्मरिक्ततेचा उपदेश ज्याच्यापाशी काही आहे त्याला लागू पडतो. सिंहासनावरून उतरण्यासाठी आधी सिंहासनावर असावे लागते. जिला अक्षरओळख नाही, जिच्या नावावर काही नाही, जिचे मत कोणी विचारत नाही, तिला 'नम्र हो' असे सांगणे म्हणजे असलेल्या अन्यायावर धर्माची मोहोर उमटवणे होय. नव्या करारातील काही पत्रांत स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असेही आदेश आढळतात आणि धर्मसंस्थांनी त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

येथे मागील भागातील 'निवड' हे तत्त्व उपयोगी पडते. नम्रतेसाठी स्वत्व आवश्यक असते. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'होय'ला अर्थ असतो. म्हणून स्त्रीच्या बाबतीत नम्र नेतृत्वाचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो : आधी स्वतःचा शब्द मिळवणे आणि मग तो शब्द इतरांसाठी खर्च करणे. पहिला टप्पा वगळून दुसऱ्याची मागणी केली, की सेवेची वेठबिगारी होते. पुढील दोन स्त्रियांच्या जीवनात हे दोन्ही टप्पे स्पष्ट दिसतात.

५. पंडिता रमाबाई : आज्ञा आणि विवेक

रमाबाईंचा जन्म १८५८ मधला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू झाल्यावर भावाबरोबर पायी भ्रमंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या व तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी दिल्या. म्हणजे ज्ञानाचा मोठा मान त्यांना वयाच्या विशीतच लाभला होता. सत्ता सोडून देण्याचा प्रश्न ज्यांच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहतो, अशा मोजक्या स्त्रियांपैकी त्या होत.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु धर्म स्वीकारला म्हणजे धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा स्वीकारली, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे चर्चमधील वरिष्ठांचे मत पडले, तेव्हा त्यांनी त्याला ठाम विरोध केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅम येथील डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध असून तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला आहे. या पत्रांत रमाबाई आदर सोडत नाहीत आणि मुद्दाही सोडत नाहीत. क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का, तो संस्कृतात का असू नये, असाही वाद त्यांनी घातला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वादात मोठा प्रश्न दडलेला आहे : परमेश्वराशी माझे नाते कोणाच्या भाषेत असावे? आज्ञाधारकपणा आणि नम्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रमाबाईंच्या पत्रांतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले; पुढील वर्षी ते पुण्यास आले. विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती धर्माकडे असलेल्या ओढीवरून १८९३ मध्ये वाद होऊन न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार दूर झाले. लोकमान्यता गेली. त्यानंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरात भागांतील निराधार स्त्रिया व मुली आणून त्यांना केडगाव येथील 'मुक्ती'त आसरा दिला. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. व्यासपीठावरची विदुषी आता धान्य, पाणी, कपडे आणि आजारपण यांच्या हिशोबात गुंतली. मुक्तीतील स्त्रिया शेती, विणकाम, स्वयंपाक, शिक्षण, शुश्रूषा ही कामे स्वतः शिकल्या व इतरांना शिकवू लागल्या. छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे त्याच करीत.

या छापखान्याशी निगडित असलेले रमाबाईंचे अखेरचे कार्य भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. संस्कृत ही जिची सहज भाषा होती, त्या पंडितेने येथे संस्कृतप्रचुर मराठी जाणीवपूर्वक टाळली व साध्या, बोलीजवळच्या मराठीचा ध्यास घेतला. वाचक कोण आहे, हे तिने आधी ठरवले होते : नुकती अक्षरे लावू लागलेली, खेड्यातून आलेली स्त्री. ज्या विद्येमुळे मान मिळाला, तिचे प्रदर्शन बाजूला ठेवून समोरच्या वाचकाच्या पातळीवर येणे, ही भाषेच्या क्षेत्रातील आत्मरिक्तताच म्हणावी लागेल.

मात्र मुक्तीसारख्या मोठ्या संस्थेत रमाबाईंचा शब्द अखेरचा असे, हेही ध्यानात घ्यावे. आश्रय देणारी व आश्रय घेणारी यांचे नाते कधीच पूर्णतः समान नसते. नम्र नेतृत्व म्हणजे सत्तेचा अभाव नव्हे. तो सत्ता कशी व कोणासाठी वापरली, याचा प्रश्न आहे.

६. लक्ष्मीबाई टिळक : हसून केलेली बरोबरी

रमाबाई विद्येच्या शिखरावरून खाली उतरल्या, तर लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) घराच्या उंबऱ्यापासून वर चढल्या. माहेरी वडिलांचे पराकोटीचे सोवळे, बालवयात विवाह, जेमतेम अक्षरओळख आणि मनस्वी कवीशी संसार, अशी त्यांची पार्श्वभूमी. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, त्याही स्वतःचा धर्म व स्वतःची चूल राखून. पुढे जातिभेदाविषयी स्वतः विचार करून त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग जाणे हाच पत्नीचा धर्म मानणाऱ्या काळात, निर्णय स्वतःच्या वेळी व स्वतःच्या बुद्धीने घेणे ही असाधारण गोष्ट होती.

त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रकाशित झाले. त्यातील एक भाषिक विशेष आवर्जून पाहावा. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात न्यायमूर्ती रानड्यांचा उल्लेख 'स्वतः' या सर्वनामाने येतो, कारण पतीचे नाव उच्चारणे मर्यादेला सोडून समजले जाई. 'स्वतः' या शब्दात पतीभोवतीचे आदराचे वलय आहे. 'टिळक' या शब्दात मात्र समोर उभा असलेला, आवडता आणि प्रसंगी वैताग आणणारा माणूस आहे. संबोधनातील एवढ्याशा बदलाने नात्याची पातळी बदलते.

दुसरा विशेष त्यांच्या विनोदाचा. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचे घर सोडून जाणे, हातचे देऊन टाकणे यांवर त्या हसतात, पण त्याहून अधिक स्वतःच्या अज्ञानावर व हट्टावर हसतात. स्वतःला हास्याचा विषय करणारा लेखक वाचकाच्या वर बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. आखूड वाक्ये, संवाद, स्वयंपाकघरातले शब्द यांमुळे त्यांचे निवेदन ओसरीवर बसून सांगितल्यासारखे वाटते. या पुस्तकात उपदेश फारसा नाही. माणसे सांभाळल्याच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत : दुष्काळात व अडचणीत घरी आलेली मुले, प्लेगच्या साथीत केलेली शुश्रूषा, रिकाम्या डब्यांतून भागवलेली पंगत.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशी थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले व त्याचा बहुतांश भाग त्यांनी रचला. जिला पतीने अक्षरे शिकवली, तिने पतीचे अपूर्ण काव्य पुढे नेले. या कामाचे श्रेय त्यांनी मोठ्या आवाजात मागितले नाही. पण ते काम आपल्याला जमेल का, या शंकेने मागेही हटल्या नाहीत. नम्रता आणि आत्मविश्वास यांचे असे एकत्र नांदणे हेच त्यांच्या नेतृत्वाचे मर्म आहे.

७. नावे न उरलेल्या स्त्रिया

रमाबाई व लक्ष्मीबाई यांची नावे राहिली, कारण त्यांचे लेखन राहिले. परंतु मराठी ख्रिस्ती समाजात गावोगाव फिरणाऱ्या 'बायबलबाई' नावाच्या स्त्रियांचा एक वर्ग होता. त्यांपैकी अनेक विधवा किंवा परित्यक्ता असत. वाचायला शिकल्यानंतर त्या इतर स्त्रियांच्या घरी जाऊन धर्मग्रंथ वाचून दाखवीत, गाणी शिकवीत, अक्षरे गिरवून घेत, आजाऱ्याची विचारपूस करीत. धर्मसंस्थेच्या उतरंडीत त्यांचे स्थान अगदी खालचे होते, पण पुरुष प्रचारकाला जेथे प्रवेश नव्हता त्या माजघरापर्यंत त्यांचा शब्द पोहोचत होता.

'बायबलबाई' या संज्ञेतील 'बाई' हे पदही अर्थपूर्ण आहे. मराठीत शिक्षिका 'बाई' असते, घरी कामाला येणारी 'बाई' असते आणि रमाबाईंसारख्या संस्थेच्या प्रमुखाही 'बाई'च असतात. एकाच शब्दात मान आणि कष्ट दोन्ही सामावलेले आहेत. पुरुषांसाठीच्या 'साहेब' किंवा 'महाराज' या शब्दांना असा दुहेरी संसार नाही. मराठी समाजाने स्त्रीच्या अधिकाराला नाव देताना तिचे श्रम विसरले नाहीत, असे म्हणता येईल. किंवा श्रमांपासून तिची सुटका होऊ दिली नाही, असेही म्हणता येईल. अभ्यासकाने दोन्ही अर्थ एकत्र धरून ठेवावेत.

८. समारोप

ख्रिस्ती विचारात सत्ता ही वर चढण्याची पायरी न राहता खाली वाकण्याची संधी ठरते. हा विचार ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यासाठी कसोटी आहे. ज्यांच्या हाती ती नाही त्यांच्यासाठी तो बंधन ठरू नये, म्हणून आधी शब्द, विद्या व निर्णयाचे स्वातंत्र्य मिळणे आवश्यक असते. रमाबाईंनी धर्माधिकाऱ्यांशी वाद घातला आणि नवशिक्या वाचकासाठी आपली भाषा सोपी केली. लक्ष्मीबाईंनी पतीच्या निर्णयाला आपला निर्णय मानले नाही आणि पतीचे काव्य मात्र आपलेसे केले. दोघींच्याही बाबतीत नकार आधी आला, सेवा नंतर. म्हणूनच ती सेवा दास्य ठरली नाही.

यापुढे कोणत्याही क्षेत्रात 'सेवा' हा शब्द ऐकाल, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत : ही सेवा करणारीला 'नाही' म्हणण्याची मुभा होती का? आणि काम करणाऱ्या हातांना निर्णयात वाटा मिळाला का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून नम्र नेतृत्व आणि लादलेले दुय्यमत्व यांतील सीमारेषा आपल्याला आखता येईल.

शब्दसूची

*आत्मरिक्तता (केनोसिस)* : आपले उच्चपद स्वेच्छेने बाजूला ठेवून दासाची भूमिका स्वीकारणे.
*डायाकोनेओ* : 'सेवा करणे, वाढणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद.
*मंडळी* : मराठी ख्रिस्ती परिभाषेत, उपासकांचा समुदाय.
*पाळक* : मंडळीचा धर्मगुरू.

स्वाध्याय

१. 'सत्ता' व 'अधिकार' या शब्दांबरोबर येणारी प्रत्येकी पाच क्रियापदे नोंदवून त्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. 'नम्रतेसाठी स्वत्व आवश्यक असते' या विधानाची चर्चा पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या आधारे करा.
३. पतीच्या उल्लेखाच्या दृष्टीने 'स्मृतिचित्रे' व 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' यांची तुलना करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरात कोणतेही पद नसताना जिचा शब्द मानला जातो अशा एका स्त्रीशी बोला. लोक तिला कोणत्या शब्दाने हाक मारतात, ती स्वतःच्या कामाला कोणता शब्द वापरते आणि निर्णय कोण घेते, यांची नोंद करून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. टिपणात त्या स्त्रीचे नाव देऊ नये.